वीस वर्षांची जिप्सी: आधी तेल बघा, टायर नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 2004 ची मारुती जिप्सी किंग, एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनची), हार्ड टॉप, रत्नागिरीतच घेतलेली. मीटरवर 1 लाख 38 हजार किलोमीटर. 55-60 च्या वेगात चाक खड्ड्यात आदळलं की स्टिअरिंग हातात थरथरतं आणि वेग कमी केल्याशिवाय थांबत नाही. पुढच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला काळं तेल ओघळलंय. चारही चाकांना ताकद जोडणारा फोर-व्हीलचा दांडा लागतो, पण परत निघता निघत नाही. हाताशी 80 हजार रुपये आहेत आणि गॅरेजवाले म्हणतात की गाडी दोन इंच उंच (लिफ्ट) करून मोठे टायर घाला, थरथर त्यातच जाईल.

जाणार नाही, वाढेल. हे पैसे तुम्ही टायरवर घातलेत तर सहा महिन्यांनी याच तक्रारी घेऊन, पण रिकाम्या खिशाने, दुसऱ्या गॅरेजच्या दारात उभे असाल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी चंद्रपुरात 26 वर्षं हेच काम करतोय. ताडोब्याच्या मोहर्ली आणि आसपासच्या गेटांवर सफारीला धावणाऱ्या जिप्स्या माझ्याकडे येतात. व्याघ्र प्रकल्पाचा गाभा 1 जुलै ते 30 सप्टेंबर बंद असतो आणि त्या तीन महिन्यांत मी एकामागून एक गाड्या पार खालपर्यंत उघडतो. एवढ्या गाड्या उघडून एक गोष्ट पक्की कळली आहे. जुनी फोर-व्हील ड्राइव्ह गाडी कष्टाने मरत नाही. आत गेलेल्या पाण्याने आणि कधीच न बदललेल्या तेलाने मरते. रोज पहाटे जंगलात जाणारी गाडी 3 लाख किलोमीटर सहज काढते, आणि बंगल्यात झाकून ठेवलेल्या गाडीचा पुढचा अ‍ॅक्सल चार वर्षांत जाम होतो.

तर पहिल्या रविवारी एकच काम करा. काचेच्या पाच स्वच्छ बरण्या घ्या. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), पुढचा डिफरेन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटणारा डबा), मागचा डिफरेन्शियल, अशा पाचांवर चिठ्ठ्या चिकटवा. गाडी 10-15 किलोमीटर फिरवून तेल कोमट करा आणि प्रत्येक ठिकाणचं थोडं तेल बरणीत धरा. एक नियम मात्र मोडू नका. आधी भरायचा वरचा प्लग सैल करा, मगच खालचा उघडा. खालचा उघडून तेल सगळं सांडलं आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवर अडकते. तुमच्याकडच्या खाऱ्या हवेत हे प्लग हटकून गंजलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि अर्धवट बसणारा पाना लावून प्लगची डोकी गोल करू नका.

बरण्या रात्रभर हलवू नका. सकाळी बघा. डिफरेन्शियलचं तेल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा तळाला पाण्याचा थर बसला, तर आत पाणी गेलंय. काळं पण पारदर्शक असेल तर नुसतं म्हातारं झालंय, बदला आणि विसरा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी, मऊ, लोण्यासारखी भुकटी असणं या वयात साहजिक आहे. बोटाला टोचणारे चकचकीत तुकडे मात्र बेअरिंगचे किंवा दात्यांचे असतात. ते दिसले तर गाडी चालवणं थांबवा. गिअरबॉक्सच्या तेलात पितळी चमक असेल तर सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) झिजताहेत.

मागे एका गाडीचा मागचा डिफरेन्शियल जुलैत उघडला तेव्हा तेल असंच चहासारखं होतं. मालकाला म्हटलं, बेअरिंग काढून बघू या. तो म्हणाला, सध्या तेल बदला, सीझन संपल्यावर बघू. मीही मान्य केलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पिनियन बेअरिंग फुटून आतल्या मोठ्या दात्याच्या चाकाचे (क्राउन व्हीलचे) दात गेले, तेही आत जंगलात, गाडीत पाहुणे असताना. नुसतं तेल बदलल्याने बेअरिंगच्या रोलरवर आधीच पडलेला गंज जात नाही. तेव्हापासून दुधी तेल दिसलं की मी हाउसिंग (बाहेरचं लोखंडी कवच) उघडल्याशिवाय गाडी सोडत नाही.

हे पाणी शिरतं कुठून? हाउसिंगच्या डोक्यावर एक छोटा ब्रीदर असतो, हवा आतबाहेर होण्यासाठी. तो चिखलाने बुजतो आणि त्याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. चालून तापलेला अ‍ॅक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते. ब्रीदर बंद असेल तर ती हवा ऑइल सीलच्या (तेल अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) ओठातून पाणी आत ओढून घेते. आणि उलट, तापल्यावर हवेला बाहेर पडायला वाट नसली की ती सीलमधून तेल बाहेर ढकलते. पुष्कळ वेळा नवं सील घालूनही गळती थांबत नाही, ती या बुजलेल्या ब्रीदरमुळे. तो साफ करा. जमलं तर रबरी नळी जोडून बॉनेटच्या उंचीपर्यंत वर आणा. एवढ्या कमी पैशांत एवढा फायदा देणारं दुसरं काम या गाडीत नाही.

भरताना गिअरबॉक्समध्ये जीएल-4 दर्जाचं तेल घाला आणि डिफरेन्शियलमध्ये जीएल-5. दुकानदार सगळीकडे जीएल-5 चालतं म्हणेल, पण त्यातली रसायनं पितळी सिंक्रोला त्रास देऊ शकतात. पुढच्या डिफरेन्शियलला साधारण 2 लिटर लागतं, मागच्याला दीड, ट्रान्सफर केसला जेमतेम 800 मिली. हा 800 मिलीचा डबा नीट समजून घ्या. जिप्सीत ट्रान्सफर केस वेगळा बसवलेला आहे आणि टू-व्हीलमध्येसुद्धा ताकद त्याच्या गिअरांतूनच जाते. हायचं (नेहमीच्या वेगाचं) गुणोत्तर 1.409, लोचं (कमी वेग, जास्त जोराचं) 2.268. म्हणजे तुम्ही फोर-व्हील कधी लावलं नाही तरी हा डबा पहिल्या किलोमीटरपासून राबतोय. फोर-व्हील वापरतच नाही, मग त्याचं तेल कशाला बदलायचं, असं म्हणणारे मालक दर वर्षी भेटतात.

आता थरथर आणि डाव्या चाकाचं तेल. बहुतेक ही एकाच जागेची दोन दुखणी आहेत.

पुढच्या अ‍ॅक्सलच्या टोकाला तो मोठा गोळा दिसतो ना, त्यावर नकल (चाक धरून वळणारा भाग) वर-खाली बसवलेल्या दोन किंगपिनांवर, म्हणजे जाड खुंट्यांवर, फिरतं. प्रत्येक किंगपिनला एक निमुळतं बेअरिंग असतं आणि त्याचा ताण शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) घालून ठरवतात. वीस वर्षांत ही बेअरिंग एकाच जागी ठोके खाऊन खड्डे पाडून घेतात, ताण जातो आणि चाक मोकळं होतं. मग एक खड्डा पुरतो. पण उघडण्याआधी खात्री करा. चाक जॅकवर उचला, अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा, नुसत्या जॅकच्या भरवशावर राहू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर दोष व्हील बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा. मग चाकं जमिनीवर ठेवून एकाला स्टिअरिंग थोडं डावी-उजवी हलवायला लावा आणि तुम्ही खाली आडवे होऊन स्टिअरिंगच्या सळ्यांचे जोड (टाय-रॉड एंड, ड्रॅग लिंक) आणि स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट बघा. जिथे एक भाग हलतो आणि त्याला जोडलेला उशिरा हलतो, तिथे झीज आहे. पाट्यांच्या (स्प्रिंगांच्या) टोकांचे शॅकल बुशही बघून घ्या. टायरचं बॅलन्सिंग तर सगळ्यात आधी करा, कारण ते सगळ्यात स्वस्त आहे.

स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारी नळी) बदलला की थरथर थांबते आणि लोक खूश होतात. सुरुवातीच्या वर्षांत मीही हे केलंय आणि आज त्याचं वाईट वाटतं. डॅम्पर थरथर दाबतो, झीज दाबत नाही. आत बेअरिंग फुटत राहतं. पहिलं काम किंगपिन, डॅम्पर शेवटी. स्टिअरिंग बॉक्सच्या वरचा स्क्रू आवळून खेळ काढणाऱ्यालाही थांबवा. जास्त आवळला तर सरळ चालताना स्टिअरिंग मध्यावर जड होतं आणि बॉक्स कायमचा खराब होतो.

नकल उघडलंच आहे तर चारही किंगपिन बेअरिंग बदला, एकाच बाजूची नको. शिम अंदाजाने घालू नका. ऑइल सील न लावता, नकल हलवायला किती जोर लागतो ते स्प्रिंग काट्याने मोजायचं असतं आणि त्याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेला आहे. फिटरकडे काटा नसेल तर तुम्ही घेऊन जा. फार घट्ट बसवलं तर वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही, आणि घाटात ते धोक्याचं आहे.

आता ते काळं तेल. बोटावर घेऊन वास घ्या. गंधकासारखा उग्र वास असेल तर ते डिफरेन्शियलचं तेल आहे, म्हणजे अ‍ॅक्सल शाफ्टचं आतलं सील गेलंय. तेल गोळ्यात उतरतं, तिथलं ग्रीस पातळ करतं आणि दोन्ही मिळून नकलच्या सीलमधून बाहेर येतात. पातळ आणि रंगाला लागलं तर रंग सोडवणारं असेल तर ते ब्रेक फ्लुइड, मग गाडी आहे तिथेच उभी करा. नुसतं घट्ट काळं ग्रीस थोडं पुसटसं दिसत असेल तर घाबरू नका.

सील बदलताना दोन गोष्टी बघायला लावा. शाफ्टवर सील जिथे घासतं तिथे नखाला लागेल अशी खाच पडलेली असते. त्याच खाचेवर नवं सील बसवलं तर महिनाभरात पुन्हा गळतं. सील एखाद-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवून ओठ कोऱ्या जागेवर आणता येतो. दुसरं, गोळ्याचा पृष्ठभाग. त्यावर गंजाचे खड्डे असले तर ते नव्या सीलला किसणीसारखे खातात. बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करून घ्या. आणि यापुढे गाडी उभी करताना चाकं सरळ ठेवत जा. वळवून उभी केली की गोळ्याचा एक भाग उघडा पडतो आणि कोकणातल्या हवेत तिथेच पहिला गंज धरतो. चिखलातून आल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून गोळे फडक्याने पुसा. पाच मिनिटांचं काम आहे.

दांडा न निघण्याचं कारण बहुधा तुमच्या वापरातच आहे, म्हणून विचारतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हील लावून बघितलं होतं का? जिप्सीला मध्ये डिफरेन्शियल नाही. पुढचे आणि मागचे अ‍ॅक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा लांब वाट कापतात. मातीत, चिखलात चाक थोडं घसरतं आणि हिशेब जुळतो. डांबरावर घसरायला जागा नसते, सगळा पीळ शाफ्ट आणि गिअरांत साठतो आणि दांडा धरून ठेवतो. अशा वेळी दांड्यावर जोर काढू नका. गाडी सरळ काही मीटर रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो आणि दांडा लोण्यासारखा येतो. चारही टायर सारखे झिजलेले नसले तरी हाच पीळ पडतो, पुढे दोन नवे आणि मागे दोन गुळगुळीत असं चालत नाही. एवढं करूनही निघत नसेल तर दांड्याच्या बुडाचं फाटलेलं रबर बघा. त्यातून पाणी-माती आत जाते. ट्रान्सफर केसची रबरी माउंटिंगही तपासा. ती तुटली की डबा हलतो, दांडा अडतो किंवा लोमधून गिअर आपोआप निसटतो.

महिन्यातून एकदा मात्र मातीच्या रस्त्यावर पुढच्या चाकांचे हब (चाक शाफ्टला जोडणारे खटके) लॉक करून दोन-तीन किलोमीटर फोर-व्हीलमध्ये चालवा, थोडं लोमध्येही. आतलं तेल वरच्या गिअरांपर्यंत पोहोचतं, सील ओली राहतात आणि हबचा खटका जाम होत नाही. हब उघडलंच तर त्यात ग्रीस ठासून भरू नका. पातळ हात फिरवा, नाहीतर खटका अर्धवट बसतो आणि दाते कातरले जातात. तेव्हाच ग्रीसगन घेऊन प्रोपेलर शाफ्टचे (ताकद नेणाऱ्या लांब दांड्याचे) क्रॉस आणि सरकते जोडही भरून घ्या. शाफ्ट कधी खोलायची वेळ आली तर आधी दोन्ही बाजूंना खूण करा. फिरवून बसवली तर गाडी हादरते.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते तो गाडीचा लोखंडी सांगाडा. चेसी.

माझ्याकडे चंद्रपुरात धूळ आणि 46-47 अंशांचं ऊन. त्या हवेत लोखंड टिकतं. तुमच्याकडे खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस. कोकणातून आलेल्या दोन जिप्स्या मी बघितल्या आहेत. वरून रंग आरशासारखा, आणि मागच्या पाट्या जिथे टांगलेल्या असतात त्या हँगरपाशी स्क्रू-ड्रायव्हर चेसीत आरपार गेला. तुम्हीही तसंच तपासा. छोटी हातोडी घेऊन चेसीवर टकटक करत जा. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं भद्द वाजतं. मागचे शॅकल हँगर, बॉडीचे माउंट, पुढच्या सीटखालची जमीन, विंडशील्डच्या चौकटीचा तळ, या जागा सोडू नका. मॅट उचलून बघा. खाली नवीन काळं रबरी कोटिंग मारलेलं असेल तर जास्तच संशय घ्या. गंजावर मारलेलं कोटिंग ओल आत धरून ठेवतं.

पृष्ठभागावरचा गंज तारेच्या ब्रशने काढून, गंज थोपवणारं रसायन, झिंक प्रायमर आणि रंग असं करा. चेसी आतून पोकळ आहे, तिची पाणी जायची भोकं काडीने मोकळी करा आणि आतून मेणासारखं संरक्षक तेल फवारून घ्या. जळकं इंजिन ऑइल खालून मारायची जुनी पद्धत आहे, ती नको. रबरी बुश फुगतात आणि ब्रेकच्या लायनरवर उडालं तर ब्रेक लागत नाही. चेसीला पत्रा लावायची वेळ आली तर पत्र्याची टोकं तिरकी कापून घ्या, उभी सरळ वेल्डिंगची रेघ आली की तिथेच चेसी पुढे तडकते. वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीयूचा (इंजिनाच्या संगणकाचा) सॉकेट काढायला सांगा. हँगरपाशी दोन्ही बाजू कुजल्या असतील, तर बाकी काहीही करू नका. 80 हजार त्यातच जातील, आणि ते बरोबरच असेल. 15 वर्षांनंतर आरसीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी होतं. त्या तपासणीलाही गाडी ताठ उभी राहायला हवी.

इंजिनाची मला फारशी चिंता नाही. 1298 सीसीचं हे 16 व्हॉल्व्हचं इंजिन कणखर आहे. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललेला नाही असं धरा, टेन्शनर आणि पुढची सील त्याच वेळी घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकलेला असेल तर परत बसवा. तो नसला की इंजिन पुरतं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं. हेड आणि ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचे आहेत, एकदा जोरात तापलं की हेड वाकतं. म्हणून नुसतं नळाचं पाणी नको, कूलंट घाला आणि रेडिएटरच्या जाळीतला कचरा इंजिनाच्या बाजूने पाणी मारून बाहेर काढा. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी बदला, ते हवेतली ओल पितं. मागचे ड्रम उघडून लायनरवर अ‍ॅक्सलचं तेल आलंय का बघा. आलं असेल तर लायनर धुऊन वापरू नका.

आणि ते टायर. मूळ 205/70 आर15 टायरचा व्यास साधारण 668 मिलिमीटर. 235/75 आर15 चा 733 च्या आसपास. फरक 65, म्हणजे अ‍ॅक्सल जमिनीपासून जेमतेम 33 मिलिमीटर वर जातो. त्या बदल्यात मीटर साधारण 9 टक्के कमी वेग दाखवतं, घाटात एक गिअर खाली उतरावं लागतं, ब्रेकला जास्त जोर लागतो आणि त्याच झिजलेल्या किंगपिनावर जड चाकाचा भार येतो. लिफ्टने शाफ्टचे कोन वाढतात, क्रॉस लवकर जातात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीच्या तपशिलात बसणार नाहीत असे बदल परवानगीशिवाय करता येत नाहीत. सफारीच्या ज्या गाड्या माझ्याकडे सर्वांत जास्त वर्षं टिकल्या, त्यांच्यावर मूळ मापाचेच टायर आहेत.

सुट्या भागांची अडचण नाही. लष्कराने ही गाडी वर्षानुवर्षं वापरली, त्यामुळे भाग मिळतात. परदेशात हीच रचना सुझुकी समुराई नावाने विकली गेली, तिचं मॅन्युअलही उपयोगी पडतं. फक्त बेअरिंग आणि सील खात्रीच्या दुकानातून, पावतीसह घ्या. खोक्यावरची छपाई पुसट, बेअरिंगवरचा क्रमांक खोडता येण्यासारखा, असं असेल तर परत करा.

रविवारी बरण्या भरा, हातोडी घेऊन चेसी वाजवा, जॅकवर ब्रेकची ती परीक्षा करा. बरण्या स्वच्छ आणि चेसी खणखणीत निघाली तर नकलचं काम, सगळी तेलं, ब्रेक आणि टायमिंग बेल्ट या रकमेत बसायला हरकत नाही, आणि हे सगळं पावसाआधी, मे महिन्यातच उरका. मागच्या डिफरेन्शियलची बरणी दुधी निघाली तर गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका, मागची चाकं उचलून ओढून न्या.